मुक्या जिवांचे देणे

आपल्या दिवाळीचा पहिला दिवा माणसासाठी लागतच नाही. तो लागतो वसुबारसेला, गाईसाठी आणि तिच्या वासरासाठी. त्याआधी श्रावणात नागोबाला लाह्या-दूध मिळालेले असते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागलेली असते, आणि त्या एका दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. ज्या जनावरांच्या जिवावर आपला संसार चालतो, त्यांचे देणे वर्षातून एकदा तरी चारचौघांत मान्य करावे, अशी ही जुनी आणि शहाणी रीत आहे.

पण काही जनावरे अशी आहेत, की त्यांचे आपल्याकडे मोठे येणे असूनही पंचांगात त्यांच्या नावाचा एकही दिवस नाही. ज्याच्या रक्तापासून सर्पदंशावरचे औषध होते तो घोडा, जिच्या मेंदूपासून कित्येक वर्षे पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस झाली ती मेंढी, साथीच्या काळात लशीची परीक्षा ज्याच्यावर झाली ते माकड, आणि ज्यांची गणतीही कोणी करीत नाही ते प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर. माणसाच्या औषधासाठी जनावराला वेदना देण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, यावर जगात दीडशे वर्षे वाद चालू आहे. हा वाद लंडन-न्यूयॉर्कच्या रिकामटेकड्यांचा, आपल्या गावाला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक या वादात ज्याचे सर्वांत जास्त गुंतले आहे तो आपल्या खेड्यातला शेतकरीच आहे. फक्त त्याला आजवर कोणी साक्षीला बोलावलेले नाही.

मुरुमचा शेतकरी आणि पिंपरीचा घोडा

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ, मुरुम हे बाजाराचे गाव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. भोवती ज्वारी, तूर, सोयाबीन आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस. मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरते आणि साप बाहेर येतात. कडब्याच्या गंजीत उंदीर असतात, उंदरामागे साप येतो. पिकाला पाणी द्यायला रात्री-अपरात्री शेतात जावे लागते, पायात साधी चप्पल असते. खुरपणीला बसलेल्या बाईचा हात तर सरळ गवतातच असतो.

हिंदुस्थानात सर्पदंशाने किती माणसे मरतात याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बांधला आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख. म्हणजे सरासरीने वर्षाला ५८ हजार. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे पावसाळ्यातले. हे मरण बंगल्यात राहणाराच्या वाट्याला सहसा येत नाही. ते येते मुरुमसारख्या गावाच्या शिवारात राबणाराला.

या मरणावर खरा उतारा एकच आहे. सरकारी दवाखान्यात एक लहानशी काचेची बाटली असते. आत पांढरट भुकटी. पाणी घालून ती विरघळवायची आणि शिरेतून द्यायची. लोक तिला ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतात. अशा आठ-दहा बाटल्या सुरुवातीलाच लागतात, प्रसंगी त्याहून जास्त. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर तेच एक औषध चालते.

ही भुकटी येते कोठून? ती घोड्याच्या रक्तातून येते. निरोगी घोड्याला या चार सापांचे विष अगदी अल्प मात्रेने टोचतात. मग काही दिवसांनी थोडे अधिक, मग आणखी थोडे. घोड्याचे शरीर त्या विषाशी झुंजायला शिकते आणि त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचे, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करायचा, तांबड्या पेशी चांगल्या कारखान्यात पुन्हा घोड्याला परत द्यायच्या. त्या द्रवावर पेप्सीन या पाचक द्रव्याची क्रिया करून नको असलेला भाग काढून टाकतात आणि उरलेला गोठवून सुकवतात. पुण्याजवळ पिंपरीला हाफकिन महामंडळाचे असे घोडे आहेत. खासगी कारखान्यांचेही आहेत. महिन्यामागून महिने हा घोडा विष घेतो आणि रक्त देतो. मुरुमचा शेतकरी त्याला कधी पाहत नाही, आणि त्या घोड्याला मुरुम ठाऊक नाही. पण दंश झालेला माणूस दवाखान्यातून चालत घरी आला, तर त्याच्या शिरांतून त्या घोड्याचे औषध गेलेले असते.

घोड्याला याचा त्रास होतो काय? होतो. विष टोचलेल्या जागी सूज येते, कधी गळू होते. रक्त वारंवार काढले आणि खुराक कमी पडला तर जनावर अशक्त होते. सरकारी मंडळाच्या तपासनिसांनी गेल्या दशकात अशा काही ठिकाणांची पाहणी केली, तेव्हा रोडावलेले आणि जखमी घोडे त्यांना आढळले. शिवाय घोडा तरी दिसतो. उंदीर दिसतही नाही. औषधाची प्रत्येक खेप कामाला येते की नाही हे पाहण्यासाठी विष आणि औषध एकत्र करून उंदरांना टोचतात आणि किती जगले, किती मेले ते मोजतात. दवाखान्यात बाटली पोचण्याआधीच तिच्यापायी काही जीव गेलेले असतात.

परळचे दोन दरवाजे

मुंबईच्या परळ भागात जवळजवळ शेजारी म्हणाव्यात अशा दोन जुन्या संस्था आहेत. एक बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय. मुंबईत प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्ध १८७४ साली मंडळी स्थापन झाली, तिच्या कार्यातून पुढच्या दशकात ते उभे राहिले. जखमी बैल, गाड्याची लंगडी घोडी, पाय मोडलेली कुत्री तेथे बरी होत. दुसरी संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट. १८९९ साली जुन्या सरकारी वाड्यात प्लेगाची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले. एका दारातून जनावर बरे होण्यासाठी आत जाई, दुसऱ्या दारातून माणूस बरा व्हावा म्हणून आत जाई. मुंबईने दोन्ही दरवाजे उघडे ठेवले, आणि दोन्हींचा तिला अभिमान वाटला.

यात ढोंग होते असे घाईने म्हणू नये. जनावरांविषयीची कळवळ मुंबईला कोणी विलायतेहून आणून दिलेली नव्हती. १८३२ साली पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी चिडून उठली, दंगा झाला. आणि लवकरच, १८३४ साली, जमशेटजी जिजिभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईचा पांजरपोळ काढला. पुढे हिंदुस्थानात पाश्चर संस्था काढायचा बेत निघाला तेव्हा प्राण्यांच्या छळाच्या कारणावरून त्याला इतका विरोध झाला, की काम कित्येक वर्षे रेंगाळले. १९०० साली कसौलीला पहिली संस्था निघाली.

आणि दुसऱ्या बाजूला प्लेग होता. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलेल्या आजी-आजोबांच्या गोष्टी महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. हाफकिन यांनी प्लेगाची लस आधी सशांवर पाहिली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग नेमका पसरतो कसा याचा शोध लागला, तो गिनी पिग या लहानशा प्राण्यामुळे. प्लेग झालेल्या घरात हे प्राणी सोडत. त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा जमत आणि ते प्लेगाने मरत. पिंजऱ्याभोवती पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी लावली, की तेच प्राणी त्याच घरात सुखरूप राहत. प्लेगाचा वाहक हवा नाही, देवीचा कोप नाही, उंदरावरची पिसू आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले. ज्या प्राण्यांनी हे सांगितले ते सांगून मेले.

पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा मराठवाड्यात लहान मूलही सांगेल. पण नाथांच्या पुढचा प्रश्न एका अर्थी सोपा होता. एका बाजूला गाढवाचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला रामेश्वराचा अभिषेक. देव थांबू शकत होता. प्रयोगशाळेच्या दारातला प्रश्न याहून बिकट आहे. तेथे एका बाजूला गाढव आहे आणि दुसऱ्या बाजूला साप चावलेले मूल.

बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने

आता एक अशी हकीगत, की जी दोन्ही पक्षांनी नीट ऐकावी. पिसाळलेले कुत्रे चावले की बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, हे वाक्य महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांनी ऐकले. मुलांना कुत्र्यापासून दूर ठेवायला आया तेच सांगत. त्या इंजेक्शनात काय असे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसला जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचली, ती सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढे कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली नवी पद्धत बसवली. मेंढीच्या मेंदूत रोगाचे विषाणू वाढवायचे, मेंढी मारायची, तिचा मेंदू वाटून कार्बोलिक ॲसिडने विषाणू मारायचे, आणि तो मेंदूचा अंशच लस म्हणून टोचायचा. ही लस स्वस्त होती, देशात करता येत होती; परळच्या हाफकिनमध्येही ती होत असे. तिने असंख्य जीव वाचवले यात शंका नाही. पण तिच्यात दोष होता. परक्या मेंदूचा अंश अंगात गेल्याने काही थोड्या रोग्यांच्या स्वतःच्याच मज्जासंस्थेवर सूज येई; कोणाला अर्धांग होई, कोणी दगावे.

मेंढीच्या बाजूने बोलणाऱ्यांना त्या काळी उत्तर ठरलेले होते: ‘दुसरा इलाज नाही. मेंढी वाचवायची की माणूस?’ आणि ते उत्तर त्या वेळी खरेही होते. पण १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकेतल्या एका हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्यात यश आले. त्या पेशी आजतागायत वाढत आहेत, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांना ‘व्हेरो’ पेशी म्हणतात. त्यांच्यावर विषाणू वाढवून कुत्र्याच्या विषाची नवी लस करता येऊ लागली. ती दंडात घेतात, चार-पाच वेळाच घ्यावी लागते, आणि जुन्या लशीतले भय तिच्यात नाही. एका माकडाने दिलेल्या पेशींनी पुढच्या असंख्य मेंढ्यांची सुटका केली.

तरी आपल्याकडे मेंढीच्या मेंदूची लस बंद कधी झाली? २००४ च्या अखेरीस. नवी लस निघून, जागतिक आरोग्य संघटनेने जुनी सोडा म्हणून सांगून, पुष्कळ वर्षे उलटल्यावर. तोवर पैसेवाला माणूस शहरात नवी लस विकत घेत होता आणि खेड्यातला गरीब सरकारी दवाखान्यात पोट उघडे करून बसत होता. मेंढीवरचा अन्याय आणि गरिबावरचा अन्याय हे दोन वेगळे अन्याय नव्हते. एकाच आळसाच्या त्या दोन बाजू होत्या.

या हकीगतीत या सगळ्या वादाचे सार आहे असे आम्हाला वाटते. ‘गरज’ हा शब्द कायमचा खरा नसतो. त्याला तारीख असते. १९११ साली जे अपरिहार्य होते ते १९९० साली नव्हते. पण कोणी पुन्हा विचारले नाही म्हणून ते चालू राहिले. ‘प्राण्यांवर प्रयोग हवेत की नकोत’ असा एकदाच निकाल लावून मोकळे होण्याचा हा प्रश्न नाही. ‘हा प्रयोग, या प्राण्यावर, आज, अजूनही लागतो काय?’ हे दरसाल नव्याने विचारायचे आहे.

कायदा काय म्हणतो

हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. तिच्यामागे एका नर्तकीची चिकाटी आहे. कलाक्षेत्राच्या संस्थापिका रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. रुक्मिणीदेवींचा प्राण्यांवरील प्रयोगांना मुळातूनच विरोध होता. कायदा तितका पुढे गेला नाही. त्याच्या चौदाव्या कलमाने ज्ञान वाढवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी, रोग हटवण्यासाठी केलेले प्रयोग गुन्ह्यातून वगळले. पण सतराव्या कलमात अटी घातल्या: भूल द्यावी, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम होत असेल तर प्राणी वापरू नये, आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नये. प्रयोगाचे नियम मोडले तर दंड मात्र २०० रुपयांपर्यंत! शब्दांत दया भरपूर, दंडात जरब कमी.

या अटींवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला खरी धार आली ती १९९८ च्या नियमांनी, मेनका गांधी अध्यक्ष असताना. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगशाळेला नोंदणी करावी लागते आणि प्राण्यांवरच्या प्रयोगाला नीतिसमितीची संमती घ्यावी लागते. त्या समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, सरकारी समितीचा माणूस असतो, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक कार्यकर्ताही असतो. त्या एका खुर्चीवर बसलेल्याने ‘हे खरेच लागते काय?’ एवढे जरी विचारले तरी कायद्याचा हेतू पुष्कळसा साधेल.

‘हात बसावा म्हणून’ या शब्दांचा अर्थ विज्ञानाच्या जुन्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायला नको. मेणाच्या थाळीत चारी पाय टाचण्यांनी ताणलेला बेडूक, क्लोरोफॉर्मचा वास आणि पोटाची कातडी कापताना थरथरणारी कात्री ज्याच्या आठवणीत नाही, असा प्राणिशास्त्राचा जुना पदवीधर विरळा. लाखो बेडूक, झुरळे, गांडुळे त्या थाळ्यांवर गेली. आणि जे पहिल्या बेडकात दिसले तेच शेवटच्यातही दिसले. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०११ पासून हे विच्छेदन कमी करायला सांगितले आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते बंदच केले. त्यावाचून प्राणिशास्त्र बुडाले असे कोठे ऐकिवात नाही. याच साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला आणि अशी चाचणी केलेली प्रसाधने परदेशातून आणायलाही आपल्या देशात बंदी आली. ओठांच्या रंगासाठी सशाच्या डोळ्यात द्रव्य घालावे, याचे समर्थन करायला शेवटी कोणी उरले नाही.

मोठ्या गमतीची गोष्ट अशी, की प्राण्यांचे हक्क म्हटले की महाराष्ट्राला आठवते ती बैलगाडा शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, २०१७ साली राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. नऊ वर्षे गावोगावच्या पारावर बैलाच्या बाजूने आणि शर्यतीच्या बाजूने लोक भांडले. औषधाच्या घोड्याची मात्र पारावर कधी आठवण निघाली नाही.

दोन्ही पक्ष आणि पुण्याची माकडे

जगातल्या वादात दोन्हीकडे वजनदार पुरावे आहेत. अमेरिकेत १९३७ साली एक औषध प्राण्यांवर पाहिल्याशिवायच विक्रीला आले आणि शंभरावर माणसे, त्यांत कित्येक मुले, दगावली. तेव्हापासून तेथे औषधाची निर्धोकता आधी सिद्ध करणे सक्तीचे झाले. उलट पक्ष म्हणतो, प्राणी हा माणूस नाही. प्राण्यांवर यशस्वी ठरलेली बहुतेक औषधे पुढे माणसांवर अपयशी ठरतात. १९५० नंतरच्या दशकात थॅलिडोमाइड या औषधाने युरोपात हजारो मुले अपंग जन्मली. त्याचा दाखला तर दोघेही देतात. एक म्हणतो, पाहा, प्राण्यांनी धोका दाखवला नाही. दुसरा म्हणतो, गाभण प्राण्यांवर ते पुरेसे पाहिलेच नव्हते. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी मधली वाट आखली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, नसेल तर प्राण्यांची संख्या घटवा, आणि जे वापराल त्यांच्या वेदना कमी करा. आज बहुतेक देशांचे नियम याच तीन पायऱ्यांवर उभे आहेत. अमेरिकेनेही २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीऐवजी दुसऱ्या शास्त्रीय पद्धतींना मोकळीक दिली.

हा वाद आपल्या दारात किती जवळ आला होता ते २०२० साली दिसले. कोरोनाच्या साथीत देशी लशीची परीक्षा करण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला माकडे हवी होती. टाळेबंदीत ती मिळेनात. अखेर महाराष्ट्राच्या वनखात्याच्या मदतीने रानातून पकडून आणली. वीस माकडांचे चार गट झाले. तीन गटांना लस दिली, एकाला दिली नाही, आणि मग सर्वांना रोगाचा विषाणू दिला. लस घेतलेल्यांची फुप्फुसे बचावली. शेवटी तपासणीसाठी त्या माकडांना मारावे लागले. पुढे ती लस कोट्यवधी लोकांनी घेतली. ज्या गावात मारुतीच्या देवळाशिवाय वेस पुरी होत नाही, त्या प्रत्येक गावात ती पोचली. मारुतीच्या कुळातल्या वीस जणांचे हे देणे तरी आपण कोठे लिहून ठेवले आहे?

घोडा सुटेल काय?

आता पुन्हा घोड्याकडे येऊ. त्याची सुटका व्हायची आशा आहे, आणि तिचा एक दाखला पुण्यातच आहे. पूनावाला यांच्या अश्वशाळेतले निवृत्त घोडे पूर्वी हाफकिनला औषधासाठी जात. त्यातूनच आपणच लस का करू नये, असा विचार निघाला आणि १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. कुत्र्याच्या खोल चाव्यावर लशीबरोबर जखमेत भरायचे जे सीरम असते, ते आपल्याकडे बहुधा घोड्याचेच असे. याच संस्थेने अमेरिकन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्या जागी पेशींमध्ये तयार केलेले प्रतिद्रव्य आणले. २०१७ च्या सुमारास ते बाजारात आले. त्याला घोडा लागत नाही. म्हणजे घोड्यापासून सुरू झालेली संस्थाच निदान एका औषधापुरती घोड्यावाचून चालू लागली.

सापाच्या विषाचे काम याहून अवघड आहे. कुत्र्याच्या रोगाचा विषाणू एक. सापाच्या विषात मात्र अनेक घातक द्रव्ये असतात, आणि एकाच जातीच्या सापाचे विषही प्रांताप्रांताला बदलते. आपल्याकडच्या औषधासाठी लागणारे विष बव्हंशी तामिळनाडूतल्या इरुला गारुड्यांच्या सहकारी संस्थेतून येते. त्यामुळे दूरच्या प्रांतांतल्या सापांवर ते कमी पडते, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले आहे. कमी पडले की बाटल्या जास्त लागतात, आणि बाटल्या जास्त लागल्या की घोडेही जास्त लागतात. गेल्या दोन-तीन वर्षांत प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रतिद्रव्यांनी सर्पविष निकामी करण्याचे यशस्वी प्रयोग झाले. त्यांत बंगळुरूच्या शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. त्यांची पहिली परीक्षा मात्र उंदरांवरच झाली. घोडा सोडवण्यासाठीही उंदीर लागतो, हे या वाटेवरचे कडू सत्य आहे.

म्हणून जो कोणी आजच ‘घोडे सोडून द्या’ म्हणेल त्याने मुरुमच्या शिवारात एक पावसाळा काढावा. आणि जो म्हणेल की ‘हे असेच चालायचे’, त्याने मेंढीच्या मेंदूची गोष्ट पुन्हा वाचावी.

आपल्या हातात काय आहे

शास्त्रज्ञ त्यांचे काम करतील. पण घोड्याचे ओझे हलके करणे मुरुमच्या आणि तशा हजारो गावांच्या हातात आज आहे. कसे, ते पाहा. जेथे साप चावत नाही तेथे बाटली फुटत नाही. रात्री शेतात जाताना पायात गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट, हातात विजेरी आणि काठी. कडब्याची गंज आणि सरपणाचा ढीग घरापासून लांब. धान्याच्या कोठीत उंदीर होऊ देऊ नयेत. जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. कारण मण्यार रात्री झोपलेल्यालाच चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. चावलाच, तर चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नये. अंग हलू न देता थेट दवाखाना गाठावा. उशीर झाला की औषध जास्त लागते आणि तरी गुण येईलच असे नाही. मग घोड्याचे रक्तही वाया आणि माणूसही.

कुत्र्याचेही तसेच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. गावातल्या कुत्र्यांना ग्रामपंचायतीने अगर नगरपरिषदेने वेळेवर लस टोचून घेतली, तर कुत्राही वाचतो, मूलही वाचते आणि प्रयोगशाळेतला प्राणीही वाचतो. दया ही एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देण्याची गोष्ट असते असे आपण समजतो. येथे तर ती तिघांनाही पुरते.

आणि एक मागणी सरकारकडे करायची आहे. औषधाचे घोडे ज्या पागेत राहतात तिची पाहणी दर वर्षी व्हावी आणि पाहणीचा अहवाल लोकांना वाचायला मिळावा: घोड्यांना खुराक काय, महिन्याला रक्त किती काढतात, म्हाताऱ्या घोड्याचे पुढे काय होते. ज्याच्या रक्तावर आपण जगतो त्याच्या दाण्याची चौकशी करण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ते कर्तव्यही आहे. शहरातल्या प्राणिमित्रांनी ही मागणी पुष्कळदा केली. तीच मागणी ज्यांना हे औषध लागते त्या शेतकऱ्यांनी केली, तर तिला कोणी छांदिष्टपणा म्हणू शकणार नाही.

पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो आणि आधी जुनी बाकी पुढे ओढतो. बाकी पुढे ओढली म्हणून कोणी तिला बुडवली असे म्हणत नाही. बुडवतो तो, जो वहीत लिहीतच नाही. घोडा, मेंढी, माकड आणि उंदीर यांची बाकी आपल्या हयातीत सगळी फिटेल असे दिसत नाही. ती निदान लिहावी, दरसाल वाचावी, आणि दरसाल थोडी तरी कमी करावी.